समासातली नोंद

गोव्यात पोर्तुगीज काळातली जन्मनोंदवही समोर आली की जाणता वकील आधी मजकूर वाचत नाही, समास बघतो. मजकुरात मुलाचं नाव असतं, आईबापांची नावं, गाव, जन्माची तारीख आणि शेवटी सह्या. शाई तांबूस झालेली, अक्षर तिरकं, शेपटं लांब. पण त्या माणसाचं पुढे काय झालं ते समासात लिहिलेलं असतं: लग्न कधी आणि कुणाशी, नावात दुरुस्ती झाली का, मृत्यू कधी. नव्वद वर्षांपूर्वी जन्मलेल्या त्या माणसाच्या नातवाला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळणार की नाही, हे पुष्कळदा या चार ओळींवर ठरतं.

गोव्यात 1914 पासून जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. ही दप्तरं आजही तालुक्यातालुक्यांतल्या सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयांत आणि पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत. एखाद्या जुन्या वारसाहक्काच्या दाव्यासाठी उघडली जाणारी ही पुस्तकं गेल्या काही दशकांत भलत्याच कारणासाठी रोज उघडली जाऊ लागली. त्याचं मूळ दोन देशांनी एकाच माणसाकडे दोन वेगळ्या नजरांनी पाहण्यात आहे.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा, दमण आणि दीव मुक्त झाले. 28 मार्च 1962 च्या आदेशाने भारताने सांगितलं, की जो माणूस, किंवा ज्याचे आईवडील वा आजी-आजोबा यांपैकी कुणी, 20 डिसेंबर 1961 पूर्वी या प्रदेशांत जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. नको असेल त्याने महिन्याभरात तसं लेखी कळवावं. बहुतेकांनी काहीच कळवलं नाही आणि ते भारतीय झाले. पोर्तुगालने मात्र हे विलीनीकरण मान्यच केलं नव्हतं. ते मान्य झालं 31 डिसेंबर 1974 च्या करारात. तोपर्यंत आणि त्यानंतरही, पोर्तुगालच्या कायद्याच्या लेखी मुक्तीपूर्वी इथे जन्मलेला माणूस पोर्तुगीजच राहिला. 1981 च्या तिथल्या राष्ट्रीयत्व कायद्याने परदेशात जन्मलेल्या पोर्तुगीज माणसाच्या मुलांनाही वाट दिली: जन्माची नोंद पोर्तुगालच्या दप्तरात करा, नागरिक व्हा. 1986 मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि या नोंदीला एकदम वजन आलं. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयातली एक ओळ म्हणजे अख्ख्या युरोपात काम करण्याचा हक्क. लंडनचं साउथॉल, स्विंडन, आणि दीव-दमणकरांचं लेस्टर ही नावं गोव्याच्या घराघरांत गेली ती या ओळीमुळे.

सगळे म्हणतात 'पोर्तुगीज पासपोर्ट काढला'. प्रत्यक्षात पासपोर्ट हा कामाचा शेवटचा आणि सगळ्यांत सोपा भाग. खरं काम आहे तीन पिढ्या कागदावर एकमेकींना जोडण्याचं. आजोबांची नोंद आधी लिस्बनला जायची. मग आजी-आजोबांच्या लग्नाची. मग वडिलांच्या जन्माची, वडिलांच्या लग्नाची, आणि त्यानंतर नातवाची. या वाटेने मधली कडी सोडून पुढे जाता येत नाही. लग्नाच्या नोंदीला महत्त्व अशासाठी, की मूल याच बापाचं हे कायद्याने सिद्ध व्हायचं तर जन्माच्या वेळी लग्न लागलेलं असणं हा सर्वांत पक्का पुरावा. देवळात लग्न लागलं, जेवणावळी उठल्या, पण रजिस्ट्रारकडे सही करायची राहिली आणि पहिलं मूल झाल्यावर केव्हा तरी ती झाली, अशी घरं गोव्यात कमी नाहीत. तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. आज त्याच घरातल्या थोरल्या मुलाची फाईल अडते आणि धाकट्याची सरळ पुढे जाते.

प्रत्येक दाखला पूर्ण मजकुरासह लागतो, समासातल्या नोंदींसकट. 1961 नंतरचे दाखले इंग्रजीत, म्हणून त्यांचं पोर्तुगीज भाषांतर. त्यावर राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. 2005 मध्ये भारत हेग करारात सामील झाल्यापासून हा एक शिक्का सदस्य देशांत चालतो. मग फाईल लिस्बनला. तिथल्या अधिकाऱ्याला शंका आली तर पत्र येतं. आणि शंका येते ती बहुतेक वेळा नावाची.

मडगावातल्या एका वकीलबाईंच्या कार्यालयात याची रोज प्रचीती येते. टेबलाच्या एका बाजूला नोंदीची प्रत, दुसऱ्या बाजूला आधार, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला. पोर्तुगीज कारकुनाने कानावर पडलेलं नाव आपल्या लिपीच्या रीतीने लिहिलं. नाईक आडनावाचा शेवट 'के' ने नव्हे, 'क्यू-यू-ई' ने झाला. 'श' चा उच्चार असलेल्या नावांची सुरुवात 'एक्स' ने झाली. प्रभूंचे पोरोबो झाले, शेणवींचे सिनाय, कामतांचे कामोतीं. मुक्तीनंतर शाळेत इंग्रजी आली आणि मास्तरांनी त्याच मुलांची नावं नव्या स्पेलिंगने हजेरीपटावर घातली. एकाच बापाची दोन मुलं, एकाचा दाखला जुन्या वळणाचा, दुसऱ्याचा नव्या. गावात कुणाचं काही अडलं नाही. लिस्बनमध्ये मात्र ते दोघं भाऊ असल्याचं सिद्ध करावं लागतं.

बायकांच्या नावांचा प्रश्न त्याहून मोठा. एके दिवशी फोंडा तालुक्यातल्या एक आजी सुनेबरोबर आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं. वकीलबाईंनी नोंदीची प्रत पाहिली, आधार कार्ड पाहिलं आणि हळूच विचारलं, "आजी, लग्नाआदीं तुमचें नांव कितें आशिल्लें?" आजींनी आधी सुनेकडे पाहिलं, मग माहेरचं नाव सांगितलं. किती वर्षांनी ते त्यांच्या तोंडून आलं असेल कोण जाणे. सुनेलाही ते ठाऊक नव्हतं. जन्मनोंदीत एक नाव, लग्नानंतर तांदळात लिहिलेलं दुसरं, रेशनकार्डावर तिसऱ्याच तऱ्हेने आलेलं. सून स्वतः सावंतवाडीची. तिचंही नाव लग्नात बदललेलं, जन्मदाखला महाराष्ट्राचा, लग्न तिकडे लागलेलं. लग्नात मुलीचं नाव बदलण्याची आपली रीत तिच्या कागदोपत्री अस्तित्वाचे दोन तुकडे करते, हे इथे जितकं लख्ख दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच. दोन्ही नावांची बाई एकच आहे हे सांगणारं प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, 1990 च्या गोव्याच्या नावबदल कायद्याखालचा अर्ज, या सगळ्याची धावपळ शेवटी तिच्याच वाट्याला येते.

मुंबईकरांचीही ये-जा असते. मुक्तीपूर्वी पोटासाठी गिरगाव, धोबीतलाव गाठलेल्या गोवेकरांची नातवंडं. त्यांच्याकडे गावाचं नाव असतं, कुलदैवताचं नाव असतं. जन्माचं साल अंदाजे. "आजोबा पोर्तुगिजांच्या वेळचे" एवढ्या माहितीवर नोंद शोधायची तर सालामागून साल पुस्तकं चाळावी लागतात. कधी पानाला वाळवी लागलेली असते. कधी जन्म घरात झाला आणि नोंदवायला कुणी गेलंच नाही. अशा पोकळ्या खोट्या दाखल्यांनी भरून देणारे दलालही या धंद्यात शिरले आणि त्यांचा भुर्दंड प्रामाणिक अर्जदारांना बसला: तपासण्या वाढल्या, साधी फाईलही लांबू लागली.

समजा, सगळं जुळलं. लिस्बनची नोंद आली. पणजीत आल्तिनोवरच्या पोर्तुगीज वकिलातीत बोटांचे ठसे दिले, तिथलं ओळखपत्र आलं, पासपोर्ट हाती पडला. तीन पिढ्या कागदावर जोडल्या गेल्या आणि नेमक्या याच ठिकाणी भारताचा कायदा त्या घराची वाटणी करतो. नागरिकत्व कायदा, 1955, कलम 9: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. वेगळा हुकूम निघावा लागत नाही. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवणं हा त्याचा निर्णायक पुरावा, असं नियम सांगतात आणि सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्येच ते उचलून धरलं आहे. म्हणजे सकाळी वकिलातीतून निघालेला माणूस दुपारी आपल्याच गावात परदेशी असतो. भारतीय पासपोर्ट जमा करायचा, मतदारयादीतून नाव काढायचं, स्वतःच्या घरात राहायला व्हिसा किंवा ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड घ्यायचं. भारतीय पासपोर्ट बाळगून दुसरा वापरत राहणं हा गुन्हा आहे. तरी 'बघू पुढे' म्हणून तो कपाटात ठेवणारे आहेत, आणि त्यातले काही विमानतळावर अडकतात.

ओसीआय कार्डाचा मोठा आधार आहे यात शंका नाही. आजीवन व्हिसा, वाटेल तितकी ये-जा. पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान, मडगावशी घराण्याचं नातं असलेले आंतोनियो कोस्टा, यांनाही 2017 मध्ये लिस्बन भेटीत भारताच्या पंतप्रधानांनी हे कार्ड दिलं होतं. पण ते नागरिकत्व नव्हे. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही. शेतजमीन वारशाने येऊ शकते, विकत घेता येत नाही. भाताची खाचरं आणि कुळागरं असलेल्या घरांमध्ये या शेवटच्या वाक्याशी सगळे थबकतात.

आता स्विंडनमधलं एक घर घ्या. अशी घरं तिथे गल्लोगल्ली आहेत. वडील पोर्तुगीज पासपोर्टवर गेले, ब्रेक्झिटच्या आधी. 2020 च्या अखेरीस मुक्त संचार थांबला आणि 30 जून 2021 पर्यंत अर्ज करून त्यांनी तिथे राहण्याचा हक्क राखला: पाच वर्षं पूर्ण असतील त्यांना सेटल्ड, नसतील त्यांना प्री-सेटल्ड. आई भारतीयच राहिली. नवऱ्याच्या हक्कावर तिचा मुक्काम. थोरली मुलगी मडगावला जन्मली, तिची नोंद लिस्बनला झाली, ती पोर्तुगीज आणि जोडीला ओसीआय. धाकटा स्विंडनच्या इस्पितळात जन्मला. त्या दिवशी वडिलांकडे सेटल्ड दर्जा असेल तर तो जन्मतः ब्रिटिश. प्री-सेटल्ड असेल तर नाही, त्याच्यासाठी पुढे वेगळा अर्ज. शिवाय तो वडिलांमुळे पोर्तुगीजही होऊ शकतो. त्याने दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतलेला नसेल तर आई भारतीय असल्याने त्याचा जन्म वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदवून भारतीय करण्याचीही वाट असते. पण ती धरली की बाकीच्या दोन पासपोर्टांवर पाणी सोडायचं. चार माणसं, तीन राष्ट्रीयत्वं. गणपतीला गोव्यात यायचं ठरलं की आई विमानतळावर एका रांगेत आणि मुलं दुसऱ्या. ओसीआय कार्ड वीस वर्षांच्या आत घेतलं असेल तर वीस पूर्ण झाल्यावर पासपोर्ट नवा काढताना तेही एकदा नवं करायचं. हे विसरल्याने ऐन सुट्टीत धांदल उडते.

या कामात मुरलेल्या मडगावच्या त्या वकीलबाई आता फाईल हातात घेण्याआधी घरातल्या सगळ्या सज्ञान माणसांना एकत्र बोलावतात. कोण जाणार, कोण राहणार, जमीन कुणी बघायची, म्हाताऱ्या माणसाजवळ कोण, हे आधी बोला म्हणतात. त्यांचं हे करणं योग्य आहे. कागद गोळा करून देणारे पुष्कळ आहेत; कागदाने घराचं काय होईल हे सांगणारे फार थोडे.

फोंड्याच्या त्या आजींचे दोन मुलगे अशाच बैठकीला आले होते. थोरल्याचं ठरलेलं होतं: मुलगा जर्मनीत शिकायला जाणार, म्हणून आपली नोंद आधी. धाकट्याला पंचायत निवडणूक लढवायची आहे आणि पोर्तुगीज व्हायचं नाही. पण त्याची मुलगी एकोणीस वर्षांची, नर्सिंग शिकते, तिला जायचं आहे. आणि या वाटेने बापाची नोंद लिस्बनला झाल्याखेरीज तिची होत नाही. पासपोर्ट न घेता नुसती जन्माची नोंद केली तर भारताचं नागरिकत्व जातं का? गोव्यात हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे, आमदारांच्या निवडीही त्यावरून न्यायालयात गेल्या आहेत. वकीलबाईंनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि कुठलीही हमी दिली नाही. मुलगी बापाला म्हणाली, "पप्पा, तुम्ही एकदाच सरपंच व्हाल. मला चाळीस वर्षं नोकरी करायची आहे." तो काही बोलला नाही. आजींच्या जन्मनोंदीची आणि दोन्ही मुलग्यांच्या दाखल्यांची प्रत कार्यालयात ठेवून घेतली गेली. थोरल्याचे कागद साक्षांकनाला गेले आहेत. धाकट्याने गणपतीपर्यंत वेळ मागून घेतला आहे.