दुसऱ्या बंदुकीची मागणी

सराफीचा धंदा करणाऱ्या एका वाचकाने आम्हांस पत्र लिहून असे विचारले आहे की, ज्यास आत्मसंरक्षणाकरिता परवान्याचे एक रिव्हॉल्वर मिळाले आहे, त्याने ते ऐन वेळी दगा देईल किंवा हिसकावले जाईल या भयास्तव दुसरे लहान हत्यार अंगावर बाळगावे की नाही. हे गृहस्थ रात्री पेढी बंद करून ऐवजासह घरी परततात. त्यांचा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा खचितच नाही. आमचे उत्तर नकाराचे आहे. परंतु शस्त्र म्हटले की कानांवर हात ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे, एवढे प्रथम सांगितले पाहिजे.

ज्या 1878 साली लॉर्ड लिटन यांच्या सरकारने देशी भाषांतील वर्तमानपत्रांच्या तोंडास कुलूप घातले, त्याच साली हत्यारांचा कायदा करून सबंध राष्ट्राच्या हातांतील शस्त्रेही काढून घेतली. गोऱ्यांस मोकळीक आणि एतद्देशीयांस परवाना, हा त्यातील भेद जिव्हारी लागणारा होता. त्या कायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने 1887 साली मद्रासेस ठराव केला. पुढे 1931 साली कराचीस मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. घटना समितीत 1948 साली श्री. ह. वि. कामत यांनी तो हक्क घटनेत यावा अशी उपसूचना मांडली, डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही व ती नामंजूर झाली. आमच्या मते डॉ. आंबेडकरांचाच पक्ष बरोबर होता. मात्र शस्त्रबंदीचा अपमान काय असतो हे या देशास ठाऊक आहे, आणि म्हणून परवाना मागणाऱ्या नागरिकाकडे संशयाने पाहणे आम्हांस मान्य नाही.

आजचा कायदा 1959 चा आहे. त्याने पूर्वी एका माणसास तीन बंदुका ठेवण्याची मुभा दिली होती. सन 2019 मध्ये सरकारने ती संख्या एकावर आणण्याचे विधेयक मांडले. पुष्कळ ओरड झाली आणि अखेर दोनांवर तडजोड झाली. वडिलोपार्जित बंदूकही या दोनांतच मोजली जाते. तेव्हा दुसरे हत्यार मागणे हा गुन्हा नव्हे. परंतु कायदा जे देऊ शकतो ते सर्व घेतलेच पाहिजे असा कोठे नियम आहे?

ही दोन हत्यारांची कल्पना मूळची अमेरिकेतील पोलिसांची. तेथील पुष्कळ शिपाई कमरेच्या शस्त्राशिवाय एक लहान रिव्हॉल्वर घोट्यापाशी बांधतात, व त्यांचे पाहून सामान्य नागरिकही तसे करू लागले. या चालीच्या समर्थनार्थ 11 एप्रिल 1986 रोजी मायामी येथे झालेल्या चकमकीचा दाखला देता येईल. एफबीआय या केंद्रीय तपास खात्याच्या आठ अंमलदारांनी दोन दरोडेखोरांची मोटार अडविली. दोन्ही दरोडेखोर मारले गेले, पण दोन अंमलदारही ठार व पाच जखमी झाले. मोटारींच्या धडकेत एका अंमलदाराचे मुख्य शस्त्र हातचे गेले व त्यास दुसऱ्या रिव्हॉल्वरवर लढावे लागले. दुसरे हत्यार कामास येते हे यावरून सिद्ध होते, हे आम्ही निमूटपणे कबूल करतो.

पण ते कोणाच्या कामास आले? जे दरोडेखोराचा पाठलाग करण्यासाठीच निघाले होते त्यांच्या. पोलिसाचे कर्तव्य पुढे जाण्याचे आहे; सराफाचे कर्तव्य जिवंत घरी पोहोचण्याचे आहे. आपला कायदाही हाच भेद जाणतो. पूर्वीच्या दंडसंहितेतील 96 ते 106 ही कलमे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 या क्रमांकांनी आली आहेत. जबरी चोरी किंवा रात्रीची घरफोडी चालली असता प्रसंगी हल्लेखोराच्या प्राणांवर बेतेपर्यंत बचाव करण्याचा हक्क त्यांनी दिला आहे. पण जरूरीपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि जेथे सरकारी अंमलदारांचे साह्य मागण्यास अवसर आहे तेथे तो हक्क उत्पन्नच होत नाही. पहिल्या शस्त्राने निसटण्यापुरती सवड मिळाली असता जो दुसरे शस्त्र उपसून झुंज चालू ठेवतो, त्याचा बचाव न्यायासनापुढे बळकट होत नसून दुबळा होतो.

शस्त्र दगा देईल या भयाचेही थोडे परीक्षण केले पाहिजे. रिव्हॉल्वरमधील एखादे काडतूस उडाले नाही, तर घोडा पुन्हा ओढताच पुढचे काडतूस समोर येते. वर्षानुवर्षे तीच काडतुसे ठेवणे, हत्यार न पुसणे, आणि परवाना मिळाल्यापासून एकदाही निशाणावर न जाणे, ही दग्याची खरी कारणे आहेत. ज्याचा हात एका हत्यारावर बसलेला नाही, त्याचा तो दोहोंवर कसा बसणार? घोट्यापाशी बांधलेले हत्यार धोतराच्या किंवा विजारीच्या आतून काढण्यास किती वेळ लागतो, हे आमच्या पत्रलेखकांनी घरी घड्याळ लावून पाहावे.

आता ज्या गोष्टीने आम्हांस सर्वांत अधिक चिंता वाटते ती सांगतो. उत्साह ओसरला की दुसरे हत्यार अंगावर राहात नाही. ते पेढीच्या खणात, मोटारीच्या कप्प्यात किंवा घरच्या कपाटात जाते. पहिल्यावर धन्याची नजर असते. दुसऱ्याचा राखणदार कोण? नोकरास त्याची जागा ठाऊक असते, मुलांस तर धन्याच्या आधी ठाऊक असते. अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने जितके लोक मरतात, त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्येने मरतात. धंद्यात बूड आलेल्या, कर्जाने गांजलेल्या किंवा परीक्षेत नापास झालेल्या मनुष्याची ती एक रात्र टळावी म्हणून हाताशी हत्यार नसणे हेच कित्येकदा पुरेसे असते. दरोडेखोर येईल की नाही कोणी सांगावे; अशी रात्र मात्र बहुतेक कुटुंबांत केव्हा तरी येते. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यांविषयी आम्ही येथे लिहीत नाही. त्यांच्याकरिता 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तजवीज केलीच आहे.

याचा अर्थ व्यापाऱ्याने दैवावर हवाला ठेवावा असा नव्हे. ऐवज रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने, एकट्याने नेण्याची खोड आधी सुटली पाहिजे. दुकान बंद करण्याची वेळ एका आळीतील पेढीवाल्यांनी मिळून ठरवावी, पगारी पहारेकरी सामाईक ठेवावा, रोकड दिवसा उजेडी बँकेत भरावी. दुसऱ्या हत्यारास व त्याच्या काडतुसांस जो पैसा पडतो, त्यात आपल्या वाटणीचा पहारेकऱ्याचा पगार पुष्कळ महिने सुटेल. आणि पोलीस खात्यासही आमचे सांगणे आहे की, सराफ कट्ट्यातील रात्रीची गस्त कागदोपत्री राहू नये. व्यापारी दुसरी बंदूक मागू लागला, तर पहिली देताना त्यास जे अभय वाटावयास हवे होते ते वाटलेले नाही, हे त्या खात्याने ओळखावे.

पत्राच्या शेवटी आमच्या वाचकांनी सहज म्हणून लिहिले आहे की, गावच्या वाड्यात वडिलांची बारा बोअरची बंदूक असून तिचा परवाना आता त्यांच्याच नावे झाला आहे. म्हणजे त्यांची दोनाची संख्या आजच भरली आहे! वाड्यात सध्या कोणी राहात नाही असेही ते लिहितात. रिकाम्या घरातील ती बंदूक प्रथम जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, आणि हे या आठवड्यातच करावे.