हायपरोलियस डिस्कोडॅक्टिलस

हायपरोलियस डिस्कोडॅक्टिलस ही आफ्रिकेच्या उंच डोंगराळ प्रदेशात आढळणारी रीड बेडकाची (लव्हाळ्यांत व पाणथळ झुडपांत राहणाऱ्या लहान वृक्षबेडकाची) एक जाती आहे. पूर्व काँगो, पश्चिम युगांडा, रुआंडा आणि बुरुंडी या चार देशांतील पर्वतीय वनांपुरताच तिचा विस्तार मर्यादित आहे. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील शास्त्रज्ञ एर्न्स्ट आल यांनी १९३१ मध्ये तिचे वर्णन केले. त्याच वर्षी त्यांनी वर्णिलेली हायपरोलियस अल्टिकोला ही जाती हिच्याहून वेगळी आहे की नाही, हा प्रश्न पुढे २०१४ पर्यंत अनिर्णित राहिला.

वर्गीकरण

हायपरोलियस ही प्रजाती १८४२ मध्ये राप्प यांनी स्थापन केली. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत पसरलेल्या या प्रजातीत शंभराहून अधिक जाती मोडतात. आल यांच्या काळात या बेडकांना आशियाई वृक्षबेडकांबरोबर एकाच कुलात ठेवत असत. सह्याद्रीत दिसणारा मलबारी उडता बेडूक त्याच आशियाई गटातला. बोटांच्या टोकांशी असलेल्या चिकट चकत्यांमुळे दोन्ही गट सारखे भासतात. पण हे साम्य झाडाझुडपांवरील राहणीमुळे आलेले आहे, जवळच्या नात्यामुळे नव्हे. आफ्रिकी गटाला आता हायपरोलिइडी हे स्वतंत्र कुल मिळाले आहे. डिस्कोडॅक्टिलस या नावाचा अर्थही 'चकतीसारख्या बोटांचा' असाच आहे. ते लक्षण साऱ्या प्रजातीत आढळत असल्याने ओळख पटवण्यास या नावाचा फारसा उपयोग होत नाही.

आल यांनी हायपरोलियसच्या कितीतरी जाती संग्रहालयातील नमुन्यांवरून वर्णिल्या. त्यांपैकी अनेक पुढे एकमेकींत विलीन कराव्या लागल्या, आणि याचे कारण बरेचसे या बेडकांच्या रंगात आहे. पिल्ले आणि पुष्कळसे नर एका रंगरूपाचे असतात, तर प्रौढ माद्या व काही नर दुसऱ्याच. एकाच तळ्यातील एकाच जातीचे बेडूक म्हणूनच निरनिराळ्या जातींचे वाटू शकतात. त्यात अल्कोहोलमध्ये जपलेल्या नमुन्यांचा मूळ रंग उडून जातो. जिवंतपणी जातीची खात्रीची खूण ठरणारा नराचा आवाज तर बरणीत उरतच नाही.

अल्टिकोला म्हणजे 'उंचीवर राहणारा'. या नावाची जाती निराळी मानावी की नाही, याची तपासणी लिड्ट्‌के व त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए आणि शरीराची मापे या दोहोंच्या आधारे केली. त्यांचा निष्कर्ष 'झूटॅक्सा' या नियतकालिकात २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरेकडील व दक्षिणेकडील समूहांत काही जनुकीय फरक त्यांना आढळला, परंतु दोन जाती मानण्याइतका आधार मिळाला नाही. त्यामुळे अल्टिकोला हे नाव डिस्कोडॅक्टिलसचे पर्यायनाम ठरले. एरवी दोन नावांपैकी जुने नाव टिकते. दोन्ही एकाच वेळी प्रसिद्ध झाली असतील, तर त्यांतून प्रथम निवड करणाऱ्या संशोधकाची निवड ग्राह्य धरावी, असा प्राणिनामकरणाचा नियम आहे.

विस्तार

या बेडकाचा प्रदेश म्हणजे आफ्रिकेच्या महाखचदरीची पश्चिम शाखा, अर्थात अल्बर्टीन खचदरी. अल्बर्ट सरोवरापासून टांगानिका सरोवरापर्यंत या दरीच्या दोन्ही काठांवर पर्वत उभे आहेत. त्यांत ५,१०९ मीटर उंचीचा रुवेंझोरीही येतो. अर्थात हा बेडूक हिमरेषेजवळ जात नाही, तो पर्वतांच्या मधल्या टप्प्यातील दमट वनांत राहतो. युगांडातील ब्विंडी आणि रुआंडातील न्युंग्वे ही अशा वनांची प्रसिद्ध उदाहरणे होत. न्युंग्वेचे अरण्य सीमेपलीकडे बुरुंडीत किबिरा या नावाने चालू राहते.

याच डोंगरांत हायपरोलियस कॅस्टेनियस ही आणखी एक जाती आढळते. तीही आल यांनी १९३१ मध्येच वर्णिलेली असल्याने जुन्या नोंदी वाचताना सावध राहावे लागते.

दोन नावे एक झाल्याने या जातीचा ज्ञात विस्तार कागदावर वाढला. प्रत्यक्षात मात्र तो सलग नाही. शेती व दाट वस्ती यांमुळे ही वने एकमेकांपासून तुटली आहेत आणि बेडकांना मधली उघडी शिवारे ओलांडणे अवघड असते. नकाशावर एकच रंग भरलेल्या या पट्ट्यात बेडकांचे समूह निरनिराळ्या वनखंडांत विखुरलेले आहेत, आणि उत्तर-दक्षिण जनुकीय फरक जपायचा असेल तर दोन्ही टोकांकडील वने टिकणे आवश्यक आहे.