चार मेकॅनिक, चोवीस कॉल

एसी दुरुस्तीचं छोटं दुकान, चार मेकॅनिक आणि एप्रिलमधल्या एखाद्या दिवसाचे 24 कॉल. प्रत्येकाला सहा कॉल द्यायचे, तर कोणाला कोणते आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवण्याचे प्रकार किती? उत्तर चोवीस आकडी आहे: साधारण 6 वर 23 शून्यं. फील्ड सर्व्हिस मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचा विक्रेता दुकानात येतो तेव्हा बहुतेक वेळा हीच धास्ती विकतो. नकाशावर रंगीत रेघा उमटतात, ‘रूट ऑप्टिमायझेशन’ नावाचं बटण दाबलं जातं आणि मालक प्रभावित होतो.

बटणामागचं गणित खरंच भारी आहे. फिरत्या विक्रेत्याने सगळी शहरं एकेकदा गाठून परत यायचं, तर कमीत कमी अंतराचा मार्ग कोणता? 1954 मध्ये जॉर्ज डांटझिग, डेलबर्ट फुल्कर्सन आणि सेल्मर जॉन्सन यांनी अमेरिकेतल्या 49 शहरांसाठी हे कोडं सोडवून दाखवलं. पाच वर्षांनी डांटझिग आणि जॉन रॅमसर यांनी पुढचा प्रश्न घेतला: एका डेपोतून निघणारे पेट्रोलचे अनेक टँकर पंपांवर कसे पाठवायचे? सर्व्हिसवाल्याच्या मेकॅनिकांचा प्रश्न त्याच कुळातला.

पण पुण्यातल्या छोट्या दुकानात तो इतका अक्राळविक्राळ राहत नाही. मालक आधीच कोथरूड-वारजे एकाला, औंध-बाणेर दुसऱ्याला, हडपसर-मगरपट्टा तिसऱ्याला आणि सिंहगड रस्ता चौथ्याला देऊन मोकळा झालेला असतो. उरतात सहा कॉल आणि त्यांचे 720 क्रम. नकाशावर थोडीच ठिकाणं असतील तर माणूस नुसत्या नजरेने आखतो तो मार्ग सर्वोत्तम मार्गाच्या फार जवळ जातो, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. त्यामुळे माझं मत असं, की चार-पाच मेकॅनिकांच्या धंद्यात या एका बटणासाठी जादा पैसे मोजू नयेत.

घोळ होतो तो वेळेचा. ‘कूलिंग होत नाही’ या एकाच तक्रारीमागे धूळ साचलेला फिल्टर असेल तर काम वीस मिनिटांत आटोपतं. आउटडोअरचा कॅपॅसिटर गेला असेल तर तो बॅगेत आहे की नाही यावर सगळं अवलंबून. आणि कॉइलमधून गॅस गळत असेल तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. फोनही ठरवून येत नाहीत. अशा बेभरवशाच्या रांगांचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. अर्लांग यांनी 1909 पासून मांडायला घेतलं. त्यांच्यापुढचा प्रश्न टेलिफोनच्या लाइनींचा होता, पण तेच गणित मेकॅनिकलाही लागू पडतं.

त्यातलं सगळ्यात साधं सूत्र घेऊ. एका कॉलला सरासरी एक तास लागतो. मेकॅनिक 80 टक्के वेळ कामात असेल तर नव्या ग्राहकाला सरासरी चार तास थांबावं लागतं. तोच 90 टक्के गुंतला की नऊ तास, म्हणजे काम उद्यावर. दहा टक्के जास्त राबवून घेतलं आणि प्रतीक्षा दुपटीच्या वर गेली! कॅलेंडरमध्ये एकही फट न ठेवणारं सॉफ्टवेअर डेमोत देखणं दिसतं. प्रत्यक्षात सकाळच्या एका लांबलेल्या कॉलमुळे संध्याकाळपर्यंत शिव्या खायची वेळ येते.

हेच गणित आणखी एक गोष्ट सांगतं आणि ती मालकांच्या सवयीच्या विरुद्ध जाते. चार भाग, चार मेकॅनिक, चार वेगळ्या रांगा, प्रत्येक जण 80 टक्के गुंतलेला: सरासरी प्रतीक्षा चार तास. तेच चौघे, तेवढंच काम, पण रांग एकच आणि जो मोकळा होईल त्याने पुढचा कॉल घ्यायचा: प्रतीक्षा पाऊण तासाच्या आसपास येते. अर्थात हिशेबात जाण्या-येण्याचा वेळ सारखाच धरला आहे. बाणेरच्या पोराला हडपसरला पिटाळलं तर पेट्रोल आणि ट्रॅफिक त्यातला बराच फायदा खाऊन टाकतील. म्हणून आधी ठरलेलं सर्व्हिसिंग भागाप्रमाणे वाटावं आणि तातडीच्या तक्रारींची रांग सगळ्यांत सामाईक ठेवावी. डेमोत हेच करून दाखवायला सांगा. सकाळी अकरा वाजता ‘घरात आजारी माणूस आहे, एसी बंद पडलाय’ असा फोन आला. आता कोण मोकळं होतंय हे एका स्क्रीनवर दिसतं का? आणि ज्याचा कॉल पुढे ढकलला त्या ग्राहकाला आपोआप मेसेज जातो का?

प्रतीक्षा कमी करायचा दुसरा मार्ग म्हणजे अनिश्चितता कमी करणं. सगळ्या कामांना अगदी सारखा वेळ लागू लागला तर त्याच सूत्राने प्रतीक्षा निम्म्यावर येते. तसं पूर्ण कधीच होणार नाही. पण मेकॅनिक निघण्याआधी स्प्लिट आहे की विंडो, गॅस आर-22 की आर-32, आउटडोअर गच्चीत की चौथ्या मजल्याच्या बाहेर लटकलेलं, मागच्या वर्षी कोणता पार्ट बदलला, एवढं कळलं तरी दुसरी फेरी वाचते. ही माहिती येणार कुठून? ती भरायची त्याच मेकॅनिकने, स्टुलावर उभं राहून, जेट पंपाने ओल्या झालेल्या हातांनी. मला वाटतं सॉफ्टवेअरची खरी परीक्षा इथे आहे. काम बंद करायला आठ रकाने भरावे लागत असतील तर पोरं संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसून अंदाजे भरतील. मॉडेलच्या स्टिकरचा फोटो, दोन टॅप, मराठीत बोललेली एक ओळ, एवढ्यात भागलं पाहिजे. बेसमेंटमध्ये रेंज नसते. तिथे ॲप उघडून, काम नोंदवून, वर आल्यावर नोंद आपोआप चढते का ते बघा. आणि हे मालकाने नव्हे, सगळ्यात कंटाळखोर मेकॅनिकने करून पाहावं.

पत्त्याचं वेगळंच. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला पिन कोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला; त्याच्या सहा आकड्यांनी पत्र योग्य पोस्टात पोचतं, पण ‘महादेव मंदिरामागची तिसरी बिल्डिंग’ सापडत नाही. डाक विभागाच्या नव्या डिजिपिनमध्ये साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत मिळतो. सॉफ्टवेअरला तो कळो न कळो. पहिल्या भेटीत दारातून घेतलेलं लोकेशन कायमचं ग्राहकाच्या नावाशी जोडलं गेलं तरी पुष्कळ झालं.

पैशाबद्दल थोडक्यात. बहुतेक कंपन्या दर माणशी, दर महिना आकारतात. मार्च ते मे दोन पोरं जास्त ठेवत असाल तर त्यांचे लॉगिन जूनमध्ये बंद करता येतात की वर्षभराचे पैसे आधीच घेतात, हे लेखी विचारा. जीएसटीचं बिल आणि यूपीआयचा क्यूआर तिथल्या तिथे निघत नसेल तर पुढे जाऊच नका. फुकट ट्रायल ऑगस्टमध्ये घेऊन काही कळत नाही. ती ऐन उन्हाळ्यात, एका मेकॅनिकपुरती का होईना, घ्यावी.

शेवटी डेमोवाल्याला सांगा: पाच ग्राहक भरा, प्रत्येकाची दोन कामं नोंदवा आणि सगळं एक्सेलमध्ये बाहेर काढून द्या. नाव-नंबर कोणीही देतं. त्या फाइलमध्ये जुन्या कामांचा इतिहास, बदललेले पार्ट, एएमसी संपायच्या तारखा आणि फोटोंच्या लिंक आहेत का ते एकेक रकाना पाहून तपासा. नुसती ग्राहकयादी हातात आली, तर तीन वर्षांनी कंपनीने दर वाढवल्यावर तुम्हाला मुकाट्याने ते भरावे लागतील.