डोळ्यांतले पाणी

मावळातल्या नवलाख उंबरे गावी एका लग्नाला गेलो होतो. पाठवणीची वेळ झाली, मांडवात आयाबाया पदराने डोळे टिपू लागल्या. पण मुलीच्या वडिलांचा पत्ता नाही. पाहतो तो हे गृहस्थ मागच्या पडवीत विळीपुढे बसून कांदे चिरीत आहेत! डोळ्यांना धार. चाकणचा कांदा, तिखट. कुणी काही विचारले नाही.

वाचकहो, ते पाणी कांद्याचे की लेकीचे?

अश्रूंना आपण ‘डोळ्यांतले पाणी’ म्हणतो ते खोटे नव्हे. शंभरात सुमारे ९८ भाग पाणीच असते. उरल्यात क्षार आणि प्रथिने. पापण्यांच्या कडांतील ग्रंथी त्यावर तेलाचा पातळ थर पसरतात, म्हणून ते लगेच सुकत नाही. पुढे पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२२ साली जंतू विरघळवणारे लायसोझाइम जाहीर केले. ते आसवांतही भरपूर असते. आसवे मिळावीत म्हणून तो लोकांच्या डोळ्यांत लिंबू पिळी! विज्ञानाचीही आपली एक निर्दयता असते.

कांदा चिरला की गंधकयुक्त वायू उठतो आणि डोळा तो धुऊन काढतो. एवढेच ते रडणे. १९८१ साली विल्यम फ्रे या अमेरिकन संशोधकाने करुण चित्रपटांनी आलेली आसवे आणि कांद्याची आसवे ताडून पाहिली. पहिल्यांत प्रथिने अधिक आढळली.

म्हणजे प्रयोगशाळेत त्या वडिलांचे गुपित कदाचित फुटले असते. गाडी निघून गेल्यावर आचाऱ्याने त्यांच्यापुढची विळी हलकेच ओढून घेतली. कांदे केव्हाच संपले होते.