एका बारीक 'टक'चा अर्थ

एम १९११ पिस्तुलाची सेफ्टी झिजली आहे का, हे डोळ्यांपेक्षा कानांना आधी कळते. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावर कोल्ट कंपनीने बनवलेले हे पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारले. त्यातली बरीच जुनी पिस्तुले आज संग्राहकांकडे आहेत. बाहेरून ती लखलखीत दिसतात. झीज असते आत.

हॅमर मागे ओढला की त्याच्या खाचेत 'सिअर' नावाच्या छोट्या तरफेचे टोक अडकते. चाप ओढल्यावर सिअर फिरते, टोक सुटते आणि हॅमर पुढे आदळतो. डाव्या बाजूची, अंगठ्याने वर ढकलायची सेफ्टी सिअरलाच रोखते. सेफ्टीचा आतला पोलादी उंचवटा सिअरला टेकतो आणि तिला फिरू देत नाही. हा उंचवटा त्या त्या पिस्तुलाच्या सिअरशी कानशीने जुळवलेला असतो. तो झिजला किंवा कोणी न जुळवताच सिअर बदलली, की दोहोंत फट पडते. चाप हलका व्हावा म्हणून हौसेने केलेली घासाघास तर वर्षानुवर्षांच्या वापरापेक्षाही वाईट.

तपासणीआधी मॅगझिन काढून चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री करावी लागते; काडतुसे त्या खोलीतच नसावीत. मग हॅमर मागे ओढून सेफ्टी लावायची, मूठ आवळून चाप जोराने ओढायचा आणि सोडायचा. सेफ्टी काढताच हॅमर पडला, तर दोष उघड आहे. पण तो पडला नाही म्हणून पिस्तूल निर्दोष ठरत नाही. ते कानाजवळ धरून हॅमर अंगठ्याने हळूच आणखी मागे घ्यायचा. काहीच ऐकू आले नाही, तर सिअर जागची हलली नव्हती. बारीक 'टक' ऐकू आली, तर चाप ओढला तेव्हा ती केसभर सरकली होती आणि आत्ता स्प्रिंगच्या जोराने खाचेत परत बसली. मधल्या वेळात हॅमर खाचेच्या कडेवर तोललेला होता. एवढ्यातेवढ्या धक्क्यानेही तो सुटला असता.

या पिस्तुलाला मुठीमागे दुसरीही एक सेफ्टी असते; ती चाप अडवते. ती न दाबता चाप ओढला, तर हॅमर पडता कामा नये.

दुरुस्तीत घासायची ती अंगठ्याची सेफ्टी, सिअर नव्हे. जादा उंचवट्याची नवी सेफ्टी सुरुवातीला वर जातच नाही. कारागीर उंचवटा कणाकणाने उतरवतो, ती जेमतेम वर जाऊ लागली की कानस खाली ठेवतो आणि पुन्हा कान लावून ऐकतो.