एक भाग बिघडला तरी धंदा थांबू नये

वसई पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात लहान-मोठे गाळे एकमेकांना खेटून उभे आहेत. कुठे लेथ चालते, कुठे प्लास्टिकचे मोल्डिंग. गाळा केवढाही असो, कोपऱ्यात संगणक असतोच. बिले, उधारीची खाती, कामगारांची हजेरी, गिऱ्हाइकांची ड्रॉइंग हे सारे त्याच्या पोटात असते. तो बंद पडला की बिल निघत नाही आणि बिलावाचून भरलेला टेम्पो गेटबाहेर जात नाही. म्हणून सर्व्हर घेताना किमतीच्या आधी विचारावे, यातला एखादा भाग बंद पडला तर काम चालू राहील काय?

मुंबईच्या शेअर बाजारांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. १९९४ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने स्ट्रेटस कंपनीची, तर मुंबई शेअर बाजाराने १९९५ च्या ‘बोल्ट’ यंत्रणेसाठी टँडम कंपनीची यंत्रे निवडली. स्ट्रेटसची युक्ती सोपी होती. एकाच पाटीवर दोन प्रोसेसर तेच गणित करीत आणि उत्तरे ताडून पाहिली जात. उत्तर जुळले नाही की ती पाटी स्वतःच बाजूला होई आणि जोडीची पाटी काम चालू ठेवी.

एवढी महाग यंत्रे गाळ्याला नकोत. मात्र त्यातले तत्त्व आता साध्या सर्व्हरमध्येही मिळते. आमच्या मते तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, हार्ड डिस्क. दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिणाऱ्या सोयीला ‘रेड-१’ म्हणतात. एक डिस्क गेली तरी दुसरी काम चालवते. चालू यंत्रातच डिस्क बदलता येते का, हेही विचारावे.

दुसरी, ‘ईसीसी’ मेमरी. यात माहितीच्या ६४ बिटांमागे तपासणीचे ८ बिट असतात. एक बिट चुकला तर तो आपोआप दुरुस्त होतो आणि दोन चुकले तर चूक कळते. ही सोय नसेल तर खात्यातला आकडा गुपचूप बदलू शकतो.

तिसरी, दोन पॉवर सप्लाय. परंतु दोन्ही वायरी एकाच यूपीएसमध्ये खोचल्या तर जादा पैसे वाया गेले. एक वायर दुसऱ्या यूपीएसवर द्यावी.

तथापि यंत्रावर सारी भिस्त ठेवू नये. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले, ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन असूनही दोन्हींत बिघाड झाल्याचे एक्स्चेंजने सांगितले. जोडी असणे पुरेसे नाही, दोघांवर एकच संकट येऊ नये ही खरी काळजी.

वालीवच्या गाळ्यालाही हेच लागू आहे. पावसाचे पाणी शिरले तर जमिनीवरच्या सर्व्हरच्या दोन्ही डिस्क एकदमच भिजतील, म्हणून सर्व्हर उंचावर ठेवावा. चुकून पुसलेले खाते दोन्ही डिस्कवरून पुसले जाते. यास्तव रोजची एक प्रत गाळ्याबाहेर, घरी किंवा अन्यत्र, असलीच पाहिजे. ती प्रत महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे न मोजलेल्या गल्ल्यावर विसंबणे होय.