उपग्रह दूरचित्रवाणी : एका खात्याचा अनेक ठिकाणी वापर आणि त्यावरील प्रतिबंध

प्रस्तावना :
एका घरासाठी घेतलेल्या खात्यावरील जादा सेट-टॉप बॉक्स नातेवाईक वा मित्राच्या घरी बसविला जाणे, ही उपग्रह दूरचित्रवाणी सेवेतील जुनी समस्या आहे. प्रस्तुत लेखात अमेरिका व ब्रिटनमधील उपायांच्या आधारे तिचे विवेचन केले आहे.

समस्येचे स्वरूप :
भूस्थिर उपग्रह सुमारे 35,786 कि.मी. उंचीवरून विस्तीर्ण प्रदेशावर एकच कूटबद्ध प्रक्षेपण करतो. स्मार्ट कार्डाला दिलेल्या अधिकारानुसार बॉक्स ते उलगडतो. कंपनी उपग्रहामार्फत आदेश पाठवून कोणतेही कार्ड बंद करू शकते. परंतु ते कार्ड कोठे वापरले जात आहे हे तिला कळत नाही, कारण हे दळणवळण एकमार्गी असते. अमेरिकेतील डायरेक्टीव्ही कंपनी 2000 नंतरच्या दशकात जादा बॉक्ससाठी दरमहा सुमारे 5 डॉलर आकारीत असे. ही सवलत एकाच घरापुरती होती. बॉक्स दुसऱ्या घरी गेल्यास एक पूर्ण वर्गणी बुडत असे.

उपाययोजना :
1) दूरध्वनी जोडणी : एका खात्यावरील सर्व बॉक्स एकाच स्थिर दूरध्वनी वाहिनीला जोडलेले असावेत, अशी अट डायरेक्टीव्हीने घातली. ब्रिटनमधील स्काय कंपनीच्या 'मल्टिरूम' सेवेतही अशीच अट होती. बॉक्सने केंद्राशी संपर्क साधला की कोणत्या वाहिनीवरून संपर्क झाला याची पडताळणी शक्य होई.

2) रचनेतील बदल : डायरेक्टीव्हीच्या 'जिनी' (2012) व 'स्काय क्यू' (2016) या प्रणालींत घरातील दुय्यम बॉक्सला स्वतंत्र ट्यूनर नसतो. मुख्य बॉक्सकडून घरातील जाळ्यामार्फतच त्याला कार्यक्रम मिळतात. परिणामी तो उचलून दुसऱ्या गावी नेला तरी निरुपयोगी ठरतो.

मूल्यमापन :
पहिल्या उपायात प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर पडतो. ज्या कुटुंबाने केवळ भ्रमणध्वनी ठेवला, त्याचे सर्व बॉक्स एकाच घरात असूनही ते अटभंगाच्या संशयास पात्र ठरते. तुटलेली जोडणी हा गैरवापराचा पुरावा नव्हे. दुसऱ्या उपायात अशा पाळतीची गरज बरीच कमी होते.

निष्कर्ष :
भारतातही हा प्रश्न अप्रस्तुत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2020 मध्ये एकाच घरातील दुसऱ्या व पुढील दूरचित्रवाणी संचांसाठी जाळे-क्षमता शुल्कावर 40 टक्क्यांची मर्यादा घातली होती. 2024 मध्ये या शुल्काचे नियमन शिथिल झाले. जेथे सवलत 'घरा'शी निगडित असते, तेथे घराची व्याख्या आणि पडताळणीची न्याय्य पद्धत या दोन्ही बाबी करारात आधीच स्पष्ट असणे आवश्यक ठरते.